सशाच्या छातीवरचे केस

आमच्या घरात असत्याला कधीही थारा मिळाला नाही, असे माझे काका दर जेवणाला एकदा तरी सांगत. ते वकील होते.

दिवसभर कोर्टात दोन्ही बाजूंची शपथेवरची विधाने ऐकून आल्यावर माणसाला घरी काहीतरी निश्चित लागते, आणि काकांना ते पाटावर बसल्याबरोबर सापडे. एरवी त्यांची वकिली बरी चाले. अलिबागच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या गावात तर ते बोलू लागले की लोक आधी मान डोलवत आणि विषय कोणता होता ते नंतर एकमेकांना विचारत.

ही गोष्ट एकोणीसशे तिसानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. माझे वडील नोकरीनिमित्त खानदेशात, आई त्यांच्यासोबत, आणि मी पुण्याला शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात. उन्हाळ्यात खानदेशात जाण्यात अर्थ नसे, म्हणून मे महिन्याची सुट्टी मी काकांकडे काढी. घरात काका, काकू आणि आत्या अशी तीनच माणसे होती.

आत्या म्हणजे काकांची आणि माझ्या वडिलांची धाकटी बहीण. परकर नेसायच्या वयात तिचे लग्न झाले आणि परकर सुटायच्या आत ती विधवा होऊन परत आली. तेव्हाच्या रीतीप्रमाणे तिचे केशवपन झाले. दर पंधरवड्याला न्हावी मागील दारी येई, तिच्या डोक्यावरून वस्तरा फिरवी आणि एक शहाळे पिऊन जाई. अशा बाईच्या हातचा स्वयंपाक देवाला आणि पितरांना चाले. केस राखलेल्या विधवेच्या हातचा चालत नसे. म्हणजे केस देऊन आत्याला स्वयंपाकघर मिळाले होते. हा व्यवहार कुणी ठरवला ते मला ठाऊक नाही. तिला कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही. पण जे मिळाले ते तिने पक्के धरले होते. कोणत्या बरणीत कोणत्या सालचे लोणचे आहे, कोणत्या चुलीला कोणती लाकडे मानवतात, हे तिच्याखेरीज कुणाला माहीत नव्हते आणि ती सांगतही नसे. त्या घरात तिचे म्हणण्यासारखे एवढेच होते. एवढे, आणि एक ससा.

ससा दिघीकडच्या एका व्यापाऱ्याने आणून दिला होता. त्याचे स्वतःचे गलबत होते. नारळ-सुपारी भरून मुंबईला जाई आणि परतताना कापड, साखर असे काही घेऊन येई. काकांनी त्याला कसल्याशा दाव्यातून सोडवले होते. मुंबईहून नातवंडांसाठी आणलेला हा पांढराशुभ्र ससा नातवंडे दोन बाजूंनी ओढू लागली, म्हणून त्याने तो टोपलीत घालून खलाशाच्या डोक्यावर देऊन आमच्याकडे पोचवला. सोबत स्वतः आला.

"नर हाय वकीलसाब, अगदी खात्रीचा," तो म्हणाला. "मादी मी दोस्ताच्या घरी देत न्हाय. खुदा गवाह, वर्सात घर भरून टाकते."

"खात्री कशी केलीत?" काकांनी विचारले. धंद्याची सवय.

"चेहऱ्यावरून."

काकांनी ससा उचलून त्याचा चेहरा नीट पाहिला आणि मान डोलावली.

काकूंनी सशाला मागच्या पडवीपर्यंत परवानगी दिली. "उंबऱ्याच्या आत नाही हो यायचा. सोवळ्यात शिवाशिव नको." तिथे पोफळीच्या पट्ट्यांचा पिंजरा झाला, त्यात एका कोपऱ्यात आडवे खोके, आणि सशाचे सगळे आत्याकडे आले. देवासाठी खुडलेल्या दूर्वांतल्या उरलेल्या ती त्याला घाली. नैवेद्य दाखवून झाला, पुरुषांची पंगत उठली, आमची जेवणे झाली, सोवळे सुटले, की दुपारी ती पडवीत बसून त्याला मांडीवर घेई आणि मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवत राही. तोंडाने काही बोलत नसे. उन्हे कलली की पुन्हा आंघोळ करून चुलीपाशी. माझ्या आठवणीत तरी तिने हा क्रम एकदाही उलटा केला नाही.

अक्षय्य तृतीयेला डॉक्टर जेवायला होते. हे आमच्या गावच्या दवाखान्याचे डॉक्टर, काकांचे पत्त्यांतले भिडू. आमरस होता. काकांनी चित्राहुती घातल्या, भाताचा पहिला घास घेतला, दुसरा उचलला आणि तो तसाच हातात धरून थांबले. मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्यातून काहीतरी ओढून काढले आणि उजेडाकडे धरले.

"हे काय आहे?"

"केस," डॉक्टर म्हणाले. एरवी त्यांचे निदान इतके झटपट नसे.

केस पांढरा होता, मऊ, बोटाच्या पेराएवढा, किंचित वळलेला. घरात केसांचा माग काढणे अवघड नव्हते. काकांचे डोके तिशीतच मोकळे झाले होते. आत्याच्या डोक्यावर केस नसावेत यासाठी तर पंधरवड्याचा बंदोबस्तच होता. काकूंचे आणि माझे काळे. डॉक्टर कलप लावीत, पण केस त्यांच्या ताटातला नसल्यामुळे त्यांना वगळण्यात आले.

काका चूळ भरून उठले. उठताना त्यांनी रसाच्या वाटीकडे एकदा पाहिले, हे मला सांगितलेच पाहिजे.

सगळे पडवीत गेलो. मी सशाला पिंजऱ्यातून काढले आणि उताणे धरले. छातीवर, पोटाच्या वरच्या भागावर आणि पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला केस नव्हते. गुलाबी कातडी उघडी पडली होती. पाठ मात्र पिंजलेल्या कापसासारखी दाट. आदल्या दिवशी तो असा नव्हता, एवढे मी शपथेवर सांगू शकले असते.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काका तिच्याकडे वळले.

"अगं, तू याला हात लावून चुलीपाशी गेलीस?"

"नाही, दादा."

"मग केस भातात चालत आला?"

"वाऱ्यानं आला असेल."

"वारा सोवळ्यात असतो का?"

"नसावा. पण तो विचारून कुठे येतो?"

डॉक्टर हसले आणि काकांकडे पाहून थांबले.

काकांनी तिथेच हुकूम दिला. सशाचे केस एकाएकी का गेले याची चौकशी होईल. ती होईपर्यंत आत्याने चुलीला हात लावायचा नाही, काकू रांधतील. कातडीचा रोग निघाला तर ससा दिघीवाल्याच्या गलबतावरून परत जाईल. आणि रोगी जनावर रोज मांडीवर घेणाऱ्या बाईच्या हातचे देवाला चालणार नाही, तेव्हा स्वयंपाकाला पलीकडच्या गावातली एक बाई कायमची येईल. गलबत पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या खेपेला यायचे होते. त्यानंतर बंदर बंद, ते नारळी पौर्णिमेपर्यंत. म्हणजे निकालाला मुदत होती.

आत्या "बरं" म्हणाली आणि पडवीत येऊन बसली. त्या दुपारी तिने आधी सूप घेतले, ते ठेवले, मग वाती वळायला घेतल्या, त्या ठेवल्या. नऊवारी आलवणाच्या पदराशी तिचे हात नुसते काहीतरी करत राहिले. सशाला तिने हात लावला नाही. मनाई त्याचीही आहे की फक्त चुलीची, हे तिला विचारायचे नव्हते.

काकूंनी बऱ्याच वर्षांनी चूल हाती घेतली. दुसऱ्या दिवशी जेवताना काका सत्यासत्याबद्दल काही बोलले नाहीत. त्यांचे सगळे लक्ष आमटीत होते.

चौकशी कोर्टासारखीच, पण तारखा न पडता चालली. पहिले डॉक्टर. त्यांनी चष्मा लावून सशाची छाती बोटांनी ताणून पाहिली.

"खरूज नाही. खरूज असती तर कोंडा असता, खपल्या असत्या, सारखा खाजवत बसला असता. गजकर्णही नाही. त्याचे गोल चट्टे पडतात, कडा लाल असते. ही कातडी माझ्या कातडीपेक्षा स्वच्छ आहे."

"मग काय आहे?"

"केस नाहीत," डॉक्टर म्हणाले.

काकांना हे पुरेसे वाटले नाही. पालीला देवदर्शनाला गेलेले वैद्य परतल्यावर त्यांना बोलावणे गेले. वैद्यांनी सशाकडे लांबूनच पाहिले आणि उष्णता सांगितली. उन्हाळ्यात जनावराचे केस झडतातच. झडतात हे खरे होते; पण मग सगळीकडून विरळ व्हायला हवेत, छातीवरचे तेवढे जाऊन पाठीवरचे तसेच कसे राहिले, असे मी विचारले. वैद्यांनी माझ्याकडेही लांबूनच पाहिले. त्यांनी धने-जिऱ्याचे पाणी दिले आणि सशाला आंबा वर्ज्य केला. सशाने तोवर आंबा खाल्ला नव्हता.

काकूंच्या मते दृष्ट. "कोण येतं जातं, बघतं, 'काय हो गुबगुबीत' म्हणतं. लागणार नाही तर काय?" त्यांनी मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या सशावरून उतरून निखाऱ्यावर टाकल्या. घरभर ठसका उठला. सशाने मागचा पाय जमिनीवर दोनदा जोरात आपटला, आणि दृष्ट निघाल्याची ती खूण मानण्यात आली.

मीही काही वाचलेले होते. एकट्या ठेवलेल्या प्राण्याच्या मनावर परिणाम होतो, तो खंगतो, असे म्हणून मी सशाला जोडीदार आणावा असे सुचवले.

"एक आहे तेवढा पुरे," काकू म्हणाल्या.

"चार पुस्तकं वाचली की माणसाला सशाचं मन कळायला लागतं," काका म्हणाले. "उद्या झुरळाची समजूत काढाल."

मग त्यांनी आत्याची उलटतपासणी घेतली. आरामखुर्चीत बसून. आत्या खांबाशी उभी.

"त्याला खायला काय घालतेस?"

"दूर्वा, केळीचा गाभा, माठ. उरला तर कोबीचा पाला."

"मीठ?"

"सशाला मीठ कोण घालतं?"

"प्रश्नाला प्रश्न नको. हात कुठे लावतेस त्याला?"

"पाठीवर."

"छातीवर कधी?"

"छातीवर हात लावलेला त्याला आवडत नाही."

"हे तुला त्याने सांगितलं?"

"चावून सांगितलं," आत्या म्हणाली.

काकांनी पाठीवर हात आणि छातीवरचे केस यांचा संबंध लागत नाही, असे नोंदवून घेतल्यासारखी मान हलवली. त्यांच्या सगळ्या चौकशीत ते सत्याच्या सर्वांत जवळ आले होते ते या एका क्षणी. मग ते दुसऱ्या मुद्द्याकडे गेले.

याच दिवसांत न्हाव्याचा दिवस आला. घरातली सगळी माणसे पडवीच्या दुसऱ्या टोकाला सशाभोवती होती, त्यात शेजारचे दोघे आणि पुन्हा वैद्य. न्हाव्याने आपले काम उरकले, वस्तरा पुसला, शहाळे प्याला. आत्या पाटावरून उठली आणि डोक्यावर पदर घेता घेता मला म्हणाली, "त्याचे आपोआप गेले, म्हणून बघ केवढी माणसं जमलीत."

शेवटी काकांचा संशय कावळ्यांवर गेला. ते दिवस घरटी बांधण्याचे. पट्ट्यांमधून चोच घालून कावळे केस उपटून नेत असतील, असे त्यांचे अनुमान, आणि खरे तर आतापर्यंतच्या सगळ्यांत ते मला जास्त पटले. पहाऱ्याला मला बसवले. म्हणून मी दुपारी पुस्तक घेऊन पडवीत, आणि आत्या तिथेच माझ्याजवळ, हात मांडीवर ठेवून.

कावळे आले नाहीत. ससा मात्र नेहमीसारखा पडून नव्हता. खाण्यासाठी टाकलेले वाळके गवत तो तोंडात आडवे गोळा करत होता, दोन्ही बाजूंनी काड्या बाहेर आलेल्या, एखाद्या फौजदाराच्या मिशांसारख्या. तशाच मिशा घेऊन तो खोक्यात शिरे, रिकाम्या तोंडाने बाहेर येई, पुन्हा भरे. मग तो थांबला. मान खाली वाकवली, आणि स्वतःच्या छातीच्या कडेला उरलेले केस दातांत धरून उपटले. एकदा, पुन्हा एकदा, तोंड भरेपर्यंत. आणि ते घेऊन आत गेला.

"आत्या, तोच उपटतोय."

"दिसलं मला."

"दुखत नसेल?"

आत्या जरा पुढे वाकून बघत राहिली. "दुखतंय असं वाटत नाही. घाई आहे त्याला."

ससा बाहेर आल्यावर तिने कडी काढून खोक्यात हात घातला. मनाई कशाची होती हा प्रश्न त्यावेळी तिला पडलेला दिसला नाही. हात बराच वेळ आत होता.

"बघ गो," ती म्हणाली.

आत गवताची खोल वाटी होती आणि तिला आतून केसांचे अस्तर. इतके नेटके, की माझ्या शिवणकामाच्या बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले असते. मी हात घातला तर आत ऊब होती.

"हे बाळंतिणीचं अंथरूण आहे," आत्या म्हणाली.

"पण हा तर नर आहे."

"चेहऱ्यावरून," आत्या म्हणाली.

मी काकांना हाक मारायला उठले. तिने माझा पदर धरला. "थांब. आपण सांगितलं तर उलटतपासणी होईल. दिघीवाला यायचाच आहे. त्याच्या तोंडून येऊ दे."

दिघीवाला आला तो भरतीच्या सुमारास, घाईत. नारळ चढवून झाले होते आणि पाणी उतरायच्या आत त्याला निघायचे होते. काकांनी त्याला पडवीत नेले, चौकशीचा वृत्तान्त सांगितला आणि रोग सिद्ध झाला नसला तरी संशय दूर झालेला नाही, तेव्हा ससा घेऊन जावा, असे म्हटले. आत्या खांबाशी होती. व्यापाऱ्याने वाकून आत पाहिले, खोके पट्ट्यांपर्यंत ओढले, आणि सरळ उभा राहून डोक्यावरची टोपी मागे सारली.

"या अल्ला. ही तर मादी हाय."

"तुम्ही नर म्हणाला होतात."

"म्हनलो व्हतो."

"चेहऱ्यावरून."

"चेहरा तर अजून तोच हाय, वकीलसाब." त्याने खोक्याकडे बोट केले. "पिल्लं देनार आता. छातीचे केस काढून बिछाना घालते मादी. रोग न्हाय न् काय न्हाय."

काकांनी वाकून खोक्यात पाहिले. मग म्हणाले, "पण इथे नर नाही."

व्यापाऱ्याने माडांच्या शेंड्यांकडे पाहिले. काकूंनी मला आत जायला सांगितले. वर्षभराने मी मुलींच्या शाळेत शिकवायला लागणार होते. मी दारामागे उभी राहिले.

"रानातला कोनी आला असंल."

"पिंजऱ्याला कडी आहे."

"कडीचं काय घेऊन बसलात," व्यापारी म्हणाला. "बरं, देता का? पानी उतरतंय."

काकांनी हात पुढे केला, आणि मला वाटते ते "न्या" असे म्हणणारच होते. पण काकू मध्ये आल्या.

"अहो, भलतंच काय? पोटुशीला दाराबाहेर काढायचं? आणि खाडीपार, गलबतातून?"

"ससा आहे तो."

"असू दे. माझ्या दारातून गर्भारशी रडत गेली असं व्हायला नको. पाप कुणाच्या माथी?"

"ससा रडत नाही."

"तुम्ही बघायला बसलाय का?" काकू म्हणाल्या. लोकांसमोर त्या काकांना इतके कधी बोलल्या नव्हत्या.

व्यापाऱ्यानेही मान हलवली. गर्भार जनावर गलबतावर घेणे सुकाणू धरणाऱ्या त्याच्या तांडेलालाही चालणार नाही, असे तो म्हणाला, आणि पाणी उतरतेय असे म्हणत पाणंदीने निघून गेला. काका पिंजऱ्यासमोर उभे राहिले. समोर ससा होता. त्याच्या तोंडात गवताच्या मिशा होत्या.

"प्रसूतीपर्यंत प्रकरण तहकूब," काका म्हणाले.

"आणि चूल?" हे आत्या नाही, काकूच म्हणाल्या. "गर्भारपणात केस जातात ते काही रोगाने जातात का? माझ्या बहिणीचे गेले नव्हते?"

त्यावर काकांनी विचार केला आणि आत्याला आंघोळ करून स्वयंपाकाला लागायला सांगितले. हा निर्णय देताना काकूंच्या आमटीचा विचार झालाच नसेल, असे मला म्हणवत नाही. भातात केस आला कसा, हा मुद्दा त्यानंतर कुणी काढला नाही.

त्या रात्रीच्या आमटीबद्दलही कुणी काही बोलले नाही. सगळ्यांनी दोनदा घेतली.

पुढचे काही दिवस सशाचे डोहाळे पुरवण्यात गेले. काकूंनी कोवळ्या दूर्वा, केळफूल, पेजेचे पाणी असे जे सुचेल ते पुढे ठेवले आणि सुखरूप सुटका झाली तर पालीच्या गणपतीला मोदकांचा नैवेद्य बोलल्या. डॉक्टर रोज पत्ते खेळायला येताना चौकशी करीत. बापाचा विषय काढायचा नाही, असे न ठरवता ठरले होते.

पिल्ले झाली नाहीत. चार-सहा दिवसांनी ससा खोक्यातून बाहेर आला, बिछान्यातले गवत त्याने खाऊन टाकले, केस पडवीभर उडाले, आणि तो पूर्वीसारखा पाय ताणून पडला. छातीवर बारीक लव दिसू लागली.

काकूंना फार वाईट वाटले. काकांनी निकाल दिला की पिल्ले झाली होती आणि ती मुंगसाने नेली.

"पण कडी?" मी विचारले.

"मुंगूस हुशार असतं," काका म्हणाले. मुंगूस हजर नसल्यामुळे निकाल एकतर्फी झाला.

मी पुण्याला परतले. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पाळीव जनावरांवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होते. कुणीतरी मोठ्या माणसाने देणगी दिलेले; त्याची कडेला जुळलेली पाने तोवर कापलेलीही नव्हती. ती मी विणकामाच्या सुईने कापली आणि सशांचे प्रकरण काढले. सशाचे केस एकाएकी गेल्यास काय काय असू शकते ते तिथे सगळे होते: अंगातले बारीक किडे, गजकर्ण, ऋतूप्रमाणे होणारी केसांची झड, निकृष्ट खाणे, ओली जागा, सोबतच्या सशाने कुरतडणे. यातले बरेचसे आमच्या घरात सुचवून झाले होते. दृष्ट आणि कावळे ही भर आमची. आणि शेवटी असे होते, की कधी कधी मादीला नर नसतानाही दिवस गेल्यासारखे होते. पोटात काही नसते. पण दोन-अडीच आठवड्यांनी ती घरटे करते, छातीचे केस उपटते, आणि मग सगळे विसरून जाते. यासाठी नर लागत नाही. पाठीवरून हात फिरवत राहिले तरी पुरते.

दिवाळीला गेले तेव्हा आत्या शंकरपाळे तळत होती. ती सोवळ्यात असल्यामुळे मी उंबऱ्याबाहेर बसून तिला हे सगळे सांगितले. ती झाऱ्याने शंकरपाळे उलटत होती. सांगून झाल्यावर म्हणाली:

"पाठीवरून?"

"हो. मानेपासून शेपटीपर्यंत."

"आणि घरटं किती दिवसांनी म्हणालीस?"

"दोन-अडीच आठवड्यांनी."

तिने झारा निथळत धरला. खोबरेलाचा वास सुटला होता. पडवीतून सशाचा पाय आपटल्याचा आवाज आला.

"काकांना सांगू का?" मी विचारले.

"निकाल झालाय ना त्यांचा? झालेल्या निकालात कशाला बोलायचं?" मग जरा वेळाने, "सरक गो, तेल उडेल."

पुढच्या वर्षी चैत्रात काकांच्या ताटात पुन्हा एक पांढरा केस निघाला. या खेपेला त्यांनी चौकशी केली नाही. ससा शेवटच्या गलबताने जाईल एवढेच म्हणाले. व्यापारी ठरल्याप्रमाणे वैशाखाच्या अखेरीस आला. सशाची छाती उघडी होती आणि खोक्यात बिछाना तयार होता. व्यापाऱ्याने या वेळी चेहऱ्याबद्दल मत दिले नाही. काकूंनी पालीचा नवस पुन्हा बोलला, काकांनी तहकुबी दिली, भरतीचे पाणी उतरले.

त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मी तोवर नोकरीत होते आणि सुट्टीला उशिरा पोचले. काकू मला काळजीने म्हणाल्या की वैशाख लागला की आत्या सशाला मांडीवर घेऊन दुपारभर पडवीत बसून असते, हलत नाही. वय झाले, थकत असेल.

काका शेवटपर्यंत जेवताना तेच सांगत राहिले, आणि आत्या वाढत राहिली. ससा त्या पडवीतच म्हातारा होऊन मेला. तोवर दर वर्षी शेवटच्या गलबताच्या दिवशी तो गर्भार असे, आणि दर ज्येष्ठात मुंगूस दोषी ठरे. आमच्या गावात मुंगूस कुणी पाहिलेले नव्हते.